कूल-एक्स: नऊ व्होल्टवरचा एक्स-रे, पण सराफांच्या गुजरीच्या कामाचा नाही

‘कूल-एक्स’ या छोट्या एक्स-रे यंत्राचं माहितीपत्रक वाचलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न हाच निघणार: याने हुपरीच्या चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, काढता येईल का? उत्तर आधीच देतो. नाही. पण कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत याच्या तोडीची वस्तू सापडणं कठीण.

अमेरिकेतल्या अँपटेक कंपनीचा हा एक्स-रे स्रोत १५ मिलिमीटर व्यासाचा आणि १० मिलिमीटर उंचीचा आहे. ट्यूब नाही, हाय व्होल्टेज सप्लाय नाही, किरणोत्सारी गोळी नाही. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो आणि ३०० मिलिवॉटपेक्षा कमी वीज खातो. आत लिथियम टँटलेटचा स्फटिक, समोर तांब्याचं लक्ष्य, किरण बाहेर पडायला बेरिलियमची खिडकी आणि पोकळीत अगदी विरळ वायू. स्फटिकाचं तापमान बदललं की त्याचं अंगभूत ध्रुवीकरण बदलतं. दर अंशाला चौरस मीटरमागे पावणेदोनशे ते दोनशे मायक्रोकूलोम प्रभार पृष्ठभागावर उघडा पडतो. आकडा किरकोळ वाटतो, पण स्फटिकाची धारकता (प्रभार साठवायची क्षमता) इतकी कमी की व्होल्टेज हजारोंच्या घरात जातं. या मार्गाने एक्स-रे मिळतात हे जेम्स ब्राउनरिज यांनी १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं होतं.

स्फटिक एकदा तापून थंड होणं म्हणजे एक चक्र, २ ते ५ मिनिटांचं. तापताना इलेक्ट्रॉन स्फटिकावर आदळतात आणि त्यातल्या टँटलमच्या रेषा, म्हणजे त्या धातूचे ठरावीक ऊर्जेचे किरण, दिसतात. थंड होताना तेच इलेक्ट्रॉन उलटे तांब्यावर जातात आणि तांब्याच्या रेषा येतात. जोर असतो तेव्हा सेकंदाला १० कोटी फोटॉन, ऊर्जा ३५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. पण हा ‘जोर असतो तेव्हा’ महत्त्वाचा. चक्रभर तीव्रता आणि वरची ऊर्जा दोन्ही चढत-उतरत राहतात, आणि एक चक्र दुसऱ्यासारखं नसतं. म्हणून सेकंद मोजून वाचन घेऊ नका. पाच-सहा पूर्ण चक्रांची बेरीज घ्या. शिखरावर किरण मोजणारा डिटेक्टर गुदमरतो, तेव्हा तो थोडा लांब ठेवा किंवा पुढे बारीक भोकाची पट्टी लावा.

आता चांदी. ९२.५ टक्क्यांच्या चांदीत उरलेलं बहुतेक तांबंच असतं. तांब्याची मुख्य रेषा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर. यंत्राचं लक्ष्यही तांब्याचंच, आणि टँटलमची एक ठळक रेषा ८.१५ वर. छोट्या सिलिकॉन डिटेक्टरला या दोन वेगळ्या दिसतच नाहीत. नमुन्यावरून विखरून आलेलं यंत्राचं तांबं कुठलं आणि दागिन्यातलं कुठलं, कसं सांगणार? शुद्ध चांदीचा तुकडा ठेवून तेवढं वजा करू म्हणाल, तर वजा करायचा आकडा दर चक्राला हलतो. चांदीची स्वतःची २२.१ ची रेषा दिसते, पण त्यासाठी २५.५ च्या वरची ऊर्जा लागते, म्हणजे चक्राच्या जोरदार भागातच. सोन्याची ९.७१ ची रेषा टँटलमच्या ९.३४ च्या अंगाला लागून. सोनं आहे की नाही एवढं कळेल. बावीस कॅरेट की वीस, हे नाही. हॉलमार्क केंद्रातल्या ट्यूबवाल्या यंत्राशी याची बरोबरी लावणंच चूक.

शिकवायला मात्र बहारदार. लोखंड, जस्त, शिसं, जुनं नाणं, शिरोलीच्या फौंड्रीतला ओतीव तुकडा समोर धरा आणि रेषा ओळखा. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकेक करून वाढवल्या की ८ ची रेषा ०.०५ मिलिमीटरलाच अर्धी होते, ३० च्या आसपासचे किरण अर्धे व्हायला दोनेक मिलिमीटर लागतात. एवढा स्वच्छ धडा फळ्यावर देता येत नाही.

बसवताना पाया ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर थर्मल पेस्ट लावून दाबा. उष्णता नीट निघाली नाही तर थंड होण्याचा अर्धा भाग लुळा पडतो, आणि मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेलं बरं. भोवती १ मिलिमीटर शिशाची पेटी पुरते. खिडकीला बोट लावू नका: किरण तर आहेतच, शिवाय बेरिलियम ठिसूळ आणि विषारी. आणि बॅटरी काढली म्हणजे किरण थांबले असं नाही! थंड होतानाही ते निघतात. पाच मिनिटं थांबा, मग अभ्रकाच्या खिडकीच्या गायगर नळीने तपासा. जाड काचेच्या नळीला ८ ची रेषा कळतच नाही.

उद्यमनगरातून भाग जमवून घरीच बनवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. काचेच्या हंडीतला दाब काही मिलिटॉर, म्हणजे जवळजवळ निर्वात, लागतो. एसी दुरुस्तीवाल्यांचा पंप वीसेक मिलिटॉरवर अडतो आणि ठिणगी पडून साठलेला प्रभार वाया जातो. घाईने तापवला तर स्फटिक तडकतो. शिवाय घरच्या मांडणीत व्होल्टेज एक लाखापर्यंत चढू शकतं, आणि ते किरण काचेच्या हंडीतून आरपार जातात. अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) परवानगी विकतच्याला लागते तशी घरगुतीलाही लागते.

वापरलेला नग मिळाला तर पैसे देण्याआधी एक पूर्ण चक्र चालवून पाहा. आतल्या वायूचा दाब बिघडलेला नग बाहेरून नव्यासारखाच दिसतो, गरमही होतो, फक्त किरण देत नाही.