लेंटमधील बुधवारचा बायबल अभ्यासवर्ग, सोलापूर: एक अभिप्राय

यंदाच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, सोलापुरातील एका मराठी मंडळीने (चर्चने) दर बुधवारी संध्याकाळी ‘देवाच्या इच्छेच्या अधीन होणे’ या एकाच विषयावर बायबल अभ्यासवर्ग ठेवला होता. लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सुरू झालेला हा वर्ग ईस्टरच्या आधीच्या, दुःखसहनाच्या सप्ताहातील बुधवारी संपला. प्रवेश सर्वांना खुला होता, शुल्क नव्हते, आणि अभ्यासपुस्तिकेसाठी छपाईखर्चापुरती रक्कम घेतली जात होती. असा वर्ग पुढच्या वर्षीही ठेवण्याचा मंडळीचा विचार आहे, म्हणून येऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

समर्पणाविषयी आपल्या मंडळ्यांमध्ये बोलले पुष्कळ जाते. ‘सगळे प्रभूच्या हाती सोपवा’ हे वाक्य आजाऱ्याच्या खाटेजवळ, मुलाची नोकरी गेल्यावर, लग्न मोडल्यावर, सगळीकडे ऐकू येते. मात्र सोपवायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि सोपवल्यानंतरही मन रात्रभर तळमळत राहिले तर तो अविश्वास समजायचा का, हे कोणी बसून शिकवत नाही. या वर्गाने ते शिकवले, आणि माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे श्रेय आहे.

वर्ग घेणाऱ्या पाळकसाहेबांनी आरंभ गेथशेमाने बागेतून, म्हणजे वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने जेथे प्रार्थना केली तेथून, केला. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे प्रभूचे शब्द सर्वांना पाठ असतात. परंतु त्या शब्दांच्या आधी त्याने हा (दुःखाचा) प्याला दूर कर अशी स्पष्ट मागणी केली होती, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे तीच प्रार्थना तीन वेळा केली होती, याकडे त्यांनी आमचे लक्ष वेधले. त्यानंतर प्रेषित पौलाच्या ‘शरीरातील काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारी पीडा, हा विषय आला. तो दूर व्हावा म्हणून पौलानेही प्रभूला तीनदा विनंती केली आणि उत्तरात काटा तसाच राहून ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे वचन मिळाले. पुढे इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील प्रभूचा आक्रोश आणि अश्रू, सदोम नगर वाचावे म्हणून देवाशी जवळजवळ घासाघीस करणारा अब्राहाम, आणि यब्बोक नदीच्या काठी पहाटेपर्यंत देवाशी झुंजणारा याकोब असे एकेक उतारे वाचले गेले. देवापुढे मन मोकळे करणे, त्याच्याजवळ मागणे, प्रसंगी रडून भांडणे हे सारे समर्पणाच्या वाटेवरचेच आहे, हे त्या वाचनातून इतके स्वच्छ झाले की वर्ग संपल्यावरही लोक आवारात उभे राहून त्यावरच बोलत होते.

वर्गात साक्षींसाठी, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सर्वांसमोर सांगण्यासाठी, राखून ठेवलेला वेळही सत्कारणी लागला. एका बुधवारी विडी वळण्याचे काम करणाऱ्या एका वयस्क बाईंनी तेलुगू वळणाच्या मराठीत साक्ष दिली. त्यांचा मुलगा कामासाठी पुण्याला गेला आणि पुढे घराशी त्याचा संबंध तुटत गेला. रोज पहाटे भिजवलेली पाने पुढ्यात घेऊन, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री चालवण्याआधी त्या म्हणतात, ‘देवा, पोरगं तुझ्या हातात देते.’ ‘आणि दुपारपर्यंत मीच त्याला परत मागून घेते,’ असे त्या म्हणाल्या. ‘हजार विड्या पुऱ्या होईस्तोवर किती वेळा देते न किती वेळा घेते, त्याचा हिशेब त्यालाच ठाऊक.’ पाळकसाहेबांनी त्यावर कोणतेही भाष्य केले नाही. लूकच्या नवव्या अध्यायातील वधस्तंभ ‘दररोज’ उचलण्याविषयीचे वचन वाचले आणि पुढच्या साक्षीला बोलावले. एकदाच हात वर करून, एकदाच पुढे येऊन आयुष्यभराचे समर्पण उरकते अशी समजूत अनेक सभांमधून पसरली आहे. त्या बाईंच्या चार वाक्यांनी ती जितकी दूर केली तितकी एखाद्या मोठ्या प्रवचनानेही केली नसती.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती जीवनांचा आधार घेतला हेही मला फार आवडले, कारण आपल्याकडे समर्पणाची उदाहरणे बहुधा परदेशी मिशनऱ्यांची दिली जातात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला, परंतु ख्रिस्त खऱ्या अर्थाने आपल्याला भेटला तो त्यानंतर काही वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत नोंदवले आहे. विद्वत्ता, कीर्ती आणि बाप्तिस्मा यांच्यानंतरही सोपवायचे काही उरले होते, हे सांगण्याचे धैर्य त्यांच्यात होते. निराधार स्त्रिया व मुलांसाठी त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनचे काम त्यांच्यामागे जिने सांभाळावे अशी अपेक्षा होती, ती त्यांची मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. आपण पुण्याच्या गाडीत बसतो तेव्हा वाटेत हेच केडगाव लागते. तेथील काम आजही चालू आहे.

कवी नारायण वामन टिळकांवरचे सत्र मात्र मला अपुरे वाटले. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनी जात, नातेवाईक आणि समाजातील स्थान सोडले, हे पाळकसाहेबांनी आदराने सांगितले. तथापि त्या निर्णयाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाही मोजावी लागली. पतीपासून दूर राहण्याची ती वर्षे कशी गेली हे त्यांनीच लिहून ठेवले आहे, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाची वाटचाल पूर्ण झाल्यावर. एका माणसाच्या आज्ञापालनाचा भार घरातल्या दुसऱ्या माणसावर पडतो तेव्हा काय करावे, हा प्रश्न आजच्या कुटुंबांमध्येही आहे. त्यासाठी पूर्ण संध्याकाळ द्यायला हवी होती. याच सत्रात एका तरुण स्त्रीने विचारले की मारहाण करणाऱ्या नवऱ्याचे सोसत राहणे हेसुद्धा समर्पण समजावे का. त्यावर ‘नाही; देवाच्या अधीन होणे म्हणजे माणसाच्या पापाच्या अधीन होणे नव्हे, तुम्ही आधी सुरक्षित ठिकाणी जा आणि मदत घ्या’ असे निःसंदिग्ध उत्तर मिळाले. हे उत्तर पुस्तिकेत छापले पाहिजे, कारण ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्या बायका संध्याकाळी घराबाहेर पडू शकत नाहीत.

माझी गंभीर तक्रार शेवटच्या बुधवारविषयी आहे. त्या दिवशी सर्वांना एक छापील समर्पणपत्र वाटण्यात आले आणि नाव लिहून, सही करून ते वेदीपाशी आणून द्यावे अशी सूचना झाली. माझ्या शेजारी बसलेल्या कॉलेजमधील मुलाने इकडेतिकडे पाहून, न वाचताच सही केली. त्याआधीच्याच वर्गात आम्ही प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाचवा, वाचला होता. शेत विकण्यापूर्वी ते तुझेच होते आणि विकल्यावरही रक्कम तुझ्याच स्वाधीन होती, असे पेत्र, विक्रीच्या रकमेतील काही भाग गुपचूप मागे ठेवणाऱ्या हनन्याला सांगतो. म्हणजे देणे ऐच्छिक होते आणि पाप होते ते सगळे दिल्याचे दाखवण्यात. ज्या वर्गाने हे शिकवले त्यानेच माणसांना लोकांदेखत सही करण्याच्या पेचात टाकावे, हे मला पटले नाही. ते पत्र घरी न्यायला सांगता आले असते. वर्गानंतर मी ही गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर घातली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या वेळी पत्र पुस्तिकेतच जोडू असे सांगितले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगायचे तर, वर्ग वेळेवर सुरू होतो आणि उन्हाळा लागला असला तरी सभागृहात पंखे पुरेसे आहेत. मागच्या रांगांत आवाज नीट पोहोचत नाही, त्यामुळे ज्येष्ठांनी पुढे बसावे. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक स्वतःचे न्यावे, कारण तेथील प्रती कमी पडतात. पुस्तिकेचे अक्षर मोठे आहे. तिच्या डाव्या पानावर वचन असून उजवे पान कोरे ठेवले आहे. त्या कोऱ्या पानावर पैसा, मुले, आजारपण, राग यांपैकी काय अजून आपल्याच मुठीत आहे ते लिहायचे असते, आणि ते कोणालाही दाखवावे लागत नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सभासदांसाठी निदान वचनांची पाने त्या भाषांत मिळाली, तर सोलापुरात या वर्गाचा लाभ आणखी पुष्कळ लोकांना होईल.

नव्याने विश्वासात आलेल्यांनी पहिल्या बुधवारपासूनच यावे, कारण गेथशेमानेचा पाठ चुकला तर पुढचे अनेक पाठ अर्धवट समजतात. नुकताच मृत्यूचा किंवा मोठ्या आजाराचा आघात सोसलेल्यांनी आधी पाळकसाहेबांशी स्वतंत्रपणे बोलून घ्यावे. त्यासाठी ते वर्गानंतर थांबतात आणि घाई करत नाहीत.