दोन तारा, एक लाल दिवा आणि साडेसहा हजार रुपये

काकांचा पोलरॉइड ६३६ आमच्या माळ्यावर वीसेक वर्षं पडून होता. मस्कतला नोकरीला असताना एका खेपेला त्यांनी तो आणला आणि पुढचे चार-पाच गणपती त्या कॅमेऱ्याने गाजवले. पांढऱ्या चौकटीतले ते फोटो अजून घरात आहेत. एकात आजी खळ्यात काजूच्या बिया फोडत बसलीय, खालच्या रुंद पट्टीवर काकांच्या हातची तारीख. नंतर फिल्म मिळेनाशी झाली आणि कॅमेरा जुन्या पंच्यात गुंडाळून वर गेला.

गेल्या वर्षी गणपतीआधी माळा साफ करताना तो हाती लागला. मालवणात माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोंचं दुकान आहे. चाकरमानी आले की त्यांना ओटीवर उभं करायचं, फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे हातात द्यायचा, असं डोक्यात आलं. पुढे किल्ल्याच्या होड्या सुरू झाल्या की जेटीवर पर्यटकांचेही काढता येतील. हावही होती थोडी, खोटं कशाला सांगू.

आता ज्यांना हे कॅमेरे माहीत नाहीत त्यांच्यासाठी. फोटो जागच्या जागी बाहेर काढणाऱ्या या जातीच्या पोलरॉइडमध्ये स्वतःची बॅटरीच नसते. ती फिल्मच्या पॅकमध्ये असते, तळाशी, पत्त्यासारखी चपटी, ६ व्होल्टची. १९७२ च्या एसएक्स-७० या मॉडेलपासून ही पद्धत आली. पॅक बदललं की बॅटरी आपोआप नवी, त्यामुळे गिऱ्हाइकाला सेल संपण्याची चिंता नाही. पॅकच्या पोटाला दोन गोल भोकं असतात, त्यातून कॅमेऱ्यातल्या दोन पितळी पट्ट्या बॅटरीला टेकतात. मोटर, शटर, फ्लॅश, सगळं त्यावरच चालतं.

२००८ साली पोलरॉइडने फिल्म बनवणं थांबवलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचा शेवटचा कारखाना काही वेड्या लोकांनी वाचवला आणि २०१० पासून पुन्हा फिल्म येऊ लागली. आता तीच पोलरॉइड नावाने विकली जाते. तिचे माझ्या कामाचे दोन प्रकार. एक ६००, ज्यात बॅटरी असते. दुसरा आय-टाइप, ज्यात नसते, कारण नव्या कॅमेऱ्यांत चार्ज होणारी बॅटरी आधीच बसवलेली आहे. आतला कागद आणि रसायन सारखंच, दोन्हीत आठ फोटो. आय-टाइप स्वस्त पडते, एवढंच. पण जुन्या कॅमेऱ्यात ती घातली तर कॅमेरा मेल्यासारखा गप्प, वीजच नाही. म्हणून हौशी लोक जुन्या कॅमेऱ्यात रिचार्जेबल बॅटरीचं अ‍ॅडॉप्टर बसवतात. हे खरंच होतं, थाप नाही. माझी फसवणूक झाली ती या खरेपणाच्या आडून.

असं काम करून देणारा एक जण मला ऑनलाइन सापडला. कुठला ते लिहीत नाही. बोलायला गोड. पहिल्याच फोनवर त्याने एसएक्स-७० पासून आय-टाइपपर्यंत सगळं मला वर लिहिलंय तसंच समजावून सांगितलं. खरं सांगायचं तर वरचं अर्धंअधिक मी त्याच्याकडूनच शिकलो. ‘तुमच्या कोकणातल्या खाऱ्या हवेने पट्ट्यांना हिरवं चढलं असेल, तेही साफ करून देतो’ म्हणाला. चढलं होतंच. माणूस जाणकार आहे अशी माझी खात्री पटली. जाणकार तो होताच.

साडेसहा हजार ठरले. तीन हजार आधी, उरलेले कॅमेरा हातात आल्यावर, तपासून. यूपीआयवर नाव वेगळंच आलं. ‘मेहुण्याचं खातं आहे’ म्हणाला. बिलाचं विचारलं तर ‘कशाला, जीएसटी लागेल तुम्हाला’. या दोन्ही ठिकाणी मी मान डोलावली. दुकानात रोज दहा रुपयांच्या झेरॉक्सची पावती मागणारी गिऱ्हाइकं बघतो मी.

अठरा दिवसांनी कॅमेरा आला. मागच्या बाजूला खाली चार्जिंगचं टाइप-सी भोक, शेजारी बारीकसा दिवा. कापलंही सफाईने होतं. मोबाइलचा चार्जर लावला, लाल दिवा लागला. फ्लॅश वर केला तशी ती ओळखीची बारीक शीळ आली आणि तयारीचा दिवा पेटला. बटण दाबलं, मोटर घर्रर्र. चिरंजीव टाळ्या वाजवायला लागले.

आत एक रिकामं पॅक त्याने ठेवलं होतं. फोनवर म्हणाला, ‘टेस्टिंगसाठी आहे सर. तीन दिवस ते काढू नका, सर्किट सेट होऊ दे. रोज तासभर चार्ज करा. आणि पेमेंट तेवढं आजच टाका, पुढचे पार्ट मागवायचेत.’ मी सगळं बटण दाबून तपासलं होतं. साडेतीन हजार लगेच टाकले.

वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. मला यायला आणखी तीन दिवस लागले.

हरतालिकेच्या आदल्या रात्री फ्रीजमधून आय-टाइपचं पॅक काढलं. (ही फिल्म गारव्यातच ठेवावी लागते, आणि फोटो उमटताना हवा २८ अंशांच्या वर असली की रंग पिवळट-तांबूस होतात. आमच्याकडे पंख्याखाली धरून बसावं लागतं.) रिकामं पॅक बाहेर ओढलं, नवं सरकवलं, दार बंद केलं. दार बंद होताच मोटर फिरून, फिल्मवर उजेड पडू न देणारं वरचं काळं कव्हर पुढून बाहेर यायला हवं. काही नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. फ्लॅश उघडला, शीळ नाही. चार्जर लावला, लाल दिवा मात्र झकास. तेव्हा जाणवलं की तीन दिवसांत तो दिवा एकदाही हिरवा झालेला नव्हता.

फोन लागला नाही. मेसेजला एकच टिक.

सकाळी बाजारपेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हरतालिका-चतुर्थीच्या गर्दीत माटवीच्या सामानाच्या टोपल्या ओलांडत. त्याने चार स्क्रू काढले, कव्हर उचललं आणि हसायलाच लागला. आत ग्लू गनचा भलामोठा गोळा. त्यात कुठल्याशा जुन्या फोनची फुगायला आलेली बॅटरी चिकटवलेली, तिला काळी-लाल वायर, आणि दोन्ही वायरींची टोकं गोळ्याच्या आतच कापलेली. चार्जिंगच्या भोकातून निघालेल्या दोन तारा एका रेझिस्टरला आणि त्या दिव्याला. बस. कॅमेऱ्याच्या पट्ट्यांना कशाचाही स्पर्श नाही. पट्ट्या मात्र खरंच लखलखीत घासलेल्या होत्या.

‘ह्यो दिवो नुसतो शोभेचो आसा,’ तो म्हणाला. ‘फसवल्यान तुका.’

म्हणजे शीळ, घर्रर्र, तयारीचा दिवा, हे सगळं त्या रिकाम्या पॅकच्या बॅटरीवर चाललं होतं. आठ फोटो काढून संपलेल्या पॅकच्या बॅटरीत बराच जीव शिल्लक असतो, आणि रिकामं पॅक घालून कॅमेरा तपासणं ही या छंदातली नेहमीची पद्धत आहे. मी तपासलं ते त्याचं काम नव्हतं, त्याने पाठवलेली बॅटरी होती. ‘पॅक काढू नका’ हे एवढं एक वाक्य माझ्या साडेतीन हजारांचं.

म्हणून कोणी असं काम करून घेणार असेल तर व्हिडिओ कसला मागायचा ते सांगतो. कॅमेरा चालतानाचा व्हिडिओ फुकट आहे. फिल्मचं दार उघडं, आत पॅक नाही, आतला कप्पा रिकामा दिसतोय, आणि व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरच्या दोन सुया त्या दोन पट्ट्यांवर. आकडा ६ च्या आसपास दिसला पाहिजे. मग त्याच शॉटमध्ये, व्हिडिओ न तोडता, आय-टाइप पॅक आत जाऊन काळं कव्हर बाहेर आलं पाहिजे. मीटर अडीचशे-तीनशेला मिळतो. कॅमेरा हातात आल्यावर हेच आपण घरी करायचं, आणि त्याआधी एक पैसा टाकायचा नाही.

आकडा ६ हवा म्हणतोय ते उगाच नाही. रत्नागिरीच्या माझ्या एका मित्राला तर बॅटरी खरी मिळाली, आणि त्याचं नुकसान माझ्यापेक्षा मोठं झालं. त्याच्या कॅमेऱ्यात दुसऱ्याच एका कारागिराने पेन्सिल सेलच्या मापाचे दोन लिथियम सेल एकामागे एक जोडले होते. लिथियमचा एक सेल नावाला ३.७ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. दोन मिळून ८.४. मध्ये व्होल्टेज उतरवून ६ वर आणणारी सर्किट पाहिजे, ती कारागिराने पैसे वाचवायला घातलीच नाही. मित्र उलट खूश होता, मोटरच्या आवाजात दम आलाय म्हणून. दुसऱ्या पॅकला जळका वास आला आणि कॅमेऱ्याचीच सर्किट गेली. सेलवर छापलं होतं २८०० मिलिअँपिअर-अवर. त्या मापाच्या चांगल्या सेलची क्षमतासुद्धा हजाराच्या आसपासच असते. जितका आकडा मोठा तितका सेल भंगारातला, असं आमचा मोबाइलवाला म्हणतो.

त्यानेच आणखी एक दाखवलं. चार्जिंगची जी स्वस्त निळी पट्टी सगळे वापरतात, टीपी४०५६, तिच्या एका प्रकारात सेलला जास्त उतरू न देणारं संरक्षण असतं आणि एकात नसतं. सेलच्या दोन टोकांशिवाय बाहेर वीज नेणारी वेगळी दोन टोकं असली तर संरक्षण आहे. शिवाय ही पट्टी मूळची एक अँपिअरने चार्ज करते. कॅमेऱ्यात मावणाऱ्या तीनशे-चारशे मिलिअँपिअर-अवरच्या पातळ सेलला ते झेपत नाही, गरम होतो, फुगतो. तिच्यावरचा एक रेझिस्टर बदलून वेग कमी करावा लागतो. कारागिराला ‘कुठला रेझिस्टर घातलास’ एवढं विचारा. खरं काम करणारा दहा मिनिटं बोलेल. माझा माणूस यावरही बोलला असता म्हणा, म्हणून मीटर सोडायचा नाही.

पैशांचं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरवर फोन केला, पण कॅमेरा आल्याला आठवडा होऊन गेल्यावर, कारण घरात गणपती. तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे तोवर पुढे गेलेले. हा फोन त्याच दिवशी, त्याच तासाला करायचा असतो. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे मला नंतर कळलं. माझ्याकडे बिल नाही, खातं मेहुण्याचं. चॅटचे स्क्रीनशॉट आणि कुरिअरची पावती लावून कागद दिलेत, बघू.

आणि कॅमेरा? चतुर्थीच्या आदल्या रात्री दुकानाच्या मागच्या खोलीत दिवे घालवून, फटींना चादरी लावून बसलो. आय-टाइपच्या पॅकमधले कागद चाचपडत एकेक करून त्या ठकाच्या रिकाम्या पॅकमध्ये सरकवले, वरती काळं कव्हर. एक कागद मुडपला, सात वाचले. दार बंद केलं आणि अंधारातच ते घर्रर्र ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोटो काढला, गणपतीसमोर, जरा तांबूस आला. साडेसहा हजारांत मला आलेली एकच वस्तू चालू होती, ते रिकामं पॅक. विसर्जनापर्यंत पुरलं.