चेहऱ्याचा ‘चेहर्या’ होऊ नये म्हणून: शृंगारिक कादंबरीसाठी केडीपी

मराठीत शृंगारिक प्रेमकथा लिहून ती स्वतःच विकायची असेल, तर आजच्या घडीला सर्वांत सरळ वाट ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगची, म्हणजे केडीपीची आहे. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक दुकानात, मराठी पुस्तकांचं दालन २०१६ च्या अखेरीस सुरू झालं. तेव्हापासून ज्या मजकुराकडे प्रकाशक ‘आमच्या यादीत बसत नाही’ म्हणून पाठ फिरवतात, त्यालाही दुकानात जागा मिळाली. खातं उघडायला पैसे पडत नाहीत, ई-बुकला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) लागत नाही, आणि पुस्तकाची तपासणी साधारण ७२ तासांत उरकते. सेवा चांगलीच आहे. पण मराठी लेखक अडतो तो बहुधा प्रणयप्रसंगावर नाही. तो फाइल, मुखपृष्ठ आणि वर्गवारी या तीन ठिकाणी अडतो.

आधी नावाचं बघू, कारण या प्रकारात पहिली धास्ती तीच असते. पुस्तकावर टोपणनाव घालता येतं आणि वाचकाला तेवढंच दिसतं. खात्यावर मात्र खरं नाव, पॅन आणि बँक खातं द्यावंच लागतं. एका माणसाला एकच खातं मिळतं. बालकथा एका नावाने आणि शृंगार दुसऱ्या नावाने लिहायचा असेल, तर दोन्ही नावं त्याच खात्यातून चालवायची. दुसरं खातं काढलं आणि ते पकडलं गेलं, तर दोन्ही बंद होऊ शकतात. टोपणनावाने लिहिल्यामुळे हक्क जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार टोपणनावाच्या लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण आहे. मुदतीच्या आत खरं नाव जाहीर झालं, तर ती ६० वर्षं लेखकाच्या मृत्यूनंतर मोजतात.

आता फाइल. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत ती वेगळीच चिन्हं असतात. तशी फाइल चढवली की पानभर अर्थहीन अक्षरं उमटतात. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंचात, रूपांतर करा आणि मग पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचा. सर्वांत जास्त चुका ‘ऱ्य’च्या ठिकाणी निघतात. काही कीबोर्डवर हे जोडाक्षर साधा र, हलन्त, एक न दिसणारं चिन्ह आणि य असं बनतं. ते न दिसणारं चिन्ह रूपांतरात गळलं की ‘चेहऱ्यावर’चं ‘चेहर्यावर’ होतं, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘निऱ्या’ची ‘निर्या’. प्रेमकथेत चेहरा प्रत्येक पानावर येतो. नायक ‘तिच्या चेहर्यावरची बट’ मागे सारतो आणि वाचक तिथेच प्रसंगाबाहेर फेकला जातो. यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे. वर्डमध्ये ‘र्य’ शोधा आणि एकेक जागा तपासा. सूर्य, धैर्य, कार्य तसेच राहू द्यायचे, बाकीचे दुरुस्त करायचे.

ओळींमधलं अंतर ठरावीक आकड्याला बांधू नका, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. स्वतःचा फॉन्टही घालू नका, किंडलचा पुरेसा चांगला आहे. प्रकरणांच्या नावांना हेडिंग १ ही शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. प्रत्येक प्रकरणाआधी पेज ब्रेक टाका. परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार दाबून आत ढकलू नका. शेवटी किंडल प्रिव्ह्यूअर या ॲमेझॉनच्याच प्रोग्रॅममध्ये फोनच्या आकारात सगळं पुस्तक बघा. कागदावर आटोपशीर वाटणारा बारा ओळींचा परिच्छेद फोनवर आख्खा पडदा व्यापतो. जवळिकीच्या प्रसंगात अशी भिंत उभी राहिली की वाचक सरळ पुढे सरकतो.

नमुना म्हणून वाचकाला पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण १० टक्के भाग फुकट दिसतो. मराठी पुस्तकांच्या सवयीने तिथे अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश आणि कुणाची तरी प्रस्तावना येते. छोट्या कादंबरीत नमुना त्यातच संपतो आणि नायक-नायिका भेटतही नाहीत. हे सगळं शेवटी न्या.

नियमांचा भाग नीट समजून घ्यायला हवा. अश्लील चित्रण, बलात्काराचं उदात्तीकरण आणि मुलांचं लैंगिक शोषण यांना केडीपीवर जागा नाही, आणि ते योग्यच आहे. पात्रं सज्ञान आहेत हे मजकुरातूनच कळू द्या. कॉलेजची गोष्ट असेल तर एम.ए.ची वर्षं घ्या आणि वय एकदा स्पष्ट लिहा. पुस्तक नोंदवताना मुखपृष्ठावर किंवा आत उघड लैंगिक चित्रं आहेत का, शीर्षकात तशी भाषा आहे का, असा प्रश्न येतो. त्याचं खरं उत्तर द्या, पण ते उत्तर ‘नाही’ असेल असंच पुस्तक बांधा. प्रौढांसाठीचं म्हणून शिक्का बसलेलं पुस्तक दुकानाच्या नेहमीच्या शोधात मागे पडतं. ॲमेझॉनवरच्या जाहिरातींमध्ये तर इरॉटिका, म्हणजे प्रणयप्रसंगांवरच उभं असलेलं लेखन, चालतच नाही. म्हणून मुखपृष्ठावर उघडं शरीर नको. हात, पाठमोरी आकृती, अर्धी उघडी खिडकी एवढ्यावर काम भागतं. आकार २५६० बाय १६०० पिक्सेल, उभा. शीर्षक फोनवरच्या नखाएवढ्या चित्रातही वाचता आलं पाहिजे. बारीक सुलेखन तिथे मरतं.

रोमान्स की इरॉटिका, हे ठरवायची एक साधी कसोटी आहे. प्रणयाचे सगळे प्रसंग मनातल्या मनात काढून टाका. गोष्ट उभी राहिली तर तो रोमान्स, कोसळली तर इरॉटिका. इरॉटिका लिहिण्यात काहीच कमीपणा नाही, पण ती रोमान्सच्या वर्गात सरकवू नका. वर्ग तीन निवडता येतात आणि शोधशब्दांच्या जागा सात असतात. त्यातल्या काही देवनागरीत भरा आणि काही रोमन लिपीत, कारण मराठी वाचक शोध बऱ्याचदा रोमनमध्येच टाइप करतो. तिथे दुसऱ्या लेखकांची नावं किंवा ‘बेस्टसेलर’सारखे शब्द घालायला मनाई आहे. मजकूर एआयकडून लिहून घेतला असेल तर तेही नोंदवावं लागतं.

कमाईचं गणित लेखनाशी थेट बांधलेलं आहे. साधा हिस्सा ३५ टक्के, म्हणजे १०० रुपयांच्या पुस्तकामागे ३५ रुपये. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर किंमत ठरलेल्या मर्यादेत ठेवून पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत घालावं लागतं. त्या ७० टक्क्यांतून फाइलच्या आकारानुसार वितरणखर्च कापला जातो, म्हणून आत चित्रं नकोत. सिलेक्टची अट ९० दिवसांची. तेवढे दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही नसलं पाहिजे. प्रतिलिपी या वाचन-ॲपवर भाग टाकत टाकत लिहिलेली कादंबरी इथे आणायची, तर तिथून आधी काढावी लागते. ब्लॉगवर किंवा टेलिग्रामवर फार तर १० टक्के नमुना ठेवता येतो. छापील प्रतीला ही अट नाही. मुदत आपोआप पुढे चालू राहते, नको असेल तर स्वतः जाऊन बंद करावी लागते. एका मुदतीत पाच दिवस पुस्तक फुकट देता येतं. मालिकेचा दुसरा भाग येईल त्याच आठवड्यात पहिल्या भागासाठी ते वापरा.

सिलेक्टमधलं पुस्तक किंडल अनलिमिटेड या वर्गणीवर वाचायच्या सेवेत जातं आणि तिथे पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात. एका वाचकाने वाचलेलं पान एकदाच मोजतात, दर महिन्याला बदलतो. वाचक चाळिसाव्या पानावर थांबला तर कमाई चाळीस पानांची. म्हणून प्रत्येक प्रणयप्रसंगाने दोघांच्या नात्यात काहीतरी बदललं पाहिजे. आधी लपवलेलं काही उघड व्हावं, एखादा हट्ट सुटावा, नवी भीती जन्मावी. तसं झालं नाही तर तिसऱ्या प्रसंगापासून वाचक पानं उलटत नाही. एका प्रसंगात दृष्टिकोन एकाचाच ठेवा. कोण कुठे बसलंय, दिवा चालू आहे का, दाराला कडी आहे का, भिंतीपलीकडे कोण झोपलंय, हे आधी पक्कं करा. चाळीतल्या एका खोलीत भिंतीपलीकडचा खोकला सगळ्या वर्णनापेक्षा जास्त ताण निर्माण करतो.

शब्दांची अडचण खरी आहे. अवयवांची संस्कृत नावं आरोग्यशास्त्राच्या पुस्तकासारखी वाटतात आणि बोलीतली नावं शिवीसारखी. गाथासप्तशतीपासून लावणीपर्यंत मराठी मुलखाने यातून वाट काढली ती वस्त्र, वस्तू आणि क्रियापदं यांतून. नाम टाळा, क्रियापद नेमकं घ्या. सरकला, अडला, उसवलं, थरथरली.

आणि मराठीकडे एक साधन आहे, त्याचा वापर फार थोडे करतात: संबोधन. अख्खी कादंबरी नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बायको अंधारात पहिल्यांदा ‘तू’ म्हणते, तेव्हा ब्लाउजचा एकही हूक निघालेला नसतो, तरी वाचकाचा श्वास अडकतो. हा बदल एकदाच करा, योग्य जागी करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूसमोर तिच्या तोंडून ‘अहो’ पुन्हा येऊ द्या. उलट, घाईत पहिल्याच प्रकरणात दोघं ‘तू’वर आली तर हा ठेवा हातचा गेला.

कायद्याची भीती अवाजवी नको, पण माहिती हवी. अश्लील साहित्याबद्दलचं पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम २९२ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९४ म्हणून आहे. ई-बुकला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७अ सुद्धा लागू होऊ शकतात. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या लेखनासाठी कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. सुटी वाक्यं न उचलता एकूण लेखन काय सांगतं ते पाहायचं, हा विचार तिथे महत्त्वाचा ठरला. २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात समकालीन समाजाची कसोटी, म्हणजे अश्लील काय ते आजच्या समाजाच्या नजरेने ठरवायचं हे तत्त्व, सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलं. म्हणून सगळ्यांत तीव्र परिच्छेद वेगळा काढून इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी टाकू नका. पुस्तकात त्याच्या मागेपुढे गोष्ट असते, तिथे तो एकटा पडतो.

पैसे ज्या महिन्यात विक्री झाली तो संपल्यावर साधारण ६० दिवसांनी थेट बँकेत येतात. जानेवारीच्या विक्रीचे पैसे मार्चअखेरीस. खातं उघडताना अमेरिकी कराची प्रश्नावली येते. तिथे भारतीय रहिवासी म्हणून पॅन भरला आणि भारत-अमेरिका कर करार लागू करून घेतला, तर अमेरिकेतल्या वाचकांच्या विक्रीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियातले मराठी वाचक पुस्तक घेतील अशी आशा असेल, तर ती प्रश्नावली पहिल्याच दिवशी पूर्ण करा.