माथेरानचा मुख्य रस्ता खणलेला असताना ओस्मअँडवर धावायच्या वाटा शोधणं: सहा महिन्यांच्या वापरानंतर

माथेरानला धावायला निघण्याआधी हल्ली एक चौकशी करावीच लागते: रस्ता कुठपर्यंत खणलाय? दस्तुरी नाक्यावरून बाजारात जाणारा मुख्य रस्ता हा गावाचा कणा. वाहनं दस्तुरीलाच थांबतात आणि पुढे माणसं, घोडे, सामानाच्या हातगाड्या, ई-रिक्षा असं सगळं त्या एका रस्त्याने जातं. त्याचं काम निघालं की ही सगळी वर्दळ आजूबाजूच्या वाटांवर सरकते. एरवी जिथे पहाटे चिटपाखरू नसतं त्या वाटेवर समोरून लगाम धरून चार घोडे येतात. म्हणून अशा दिवसांत नकाशाकडून दोन गोष्टी हव्या असतात: बंद तुकडा वगळून वाट काढून देणं, आणि वर्दळ जिकडे वळवली आहे ती बाजूही टाळता येणं. ओस्मअँड हे नकाशाचं ॲप या कामासाठी सहा महिने अँड्रॉइड फोनवर वापरलं. त्याचा हा हिशेब.

सुरुवातीची तयारी घरी, वाय-फायवर उरकावी. माथेरानच्या झाडीत आणि कड्यांच्या आडोशाला मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं, वर पोचल्यावर नकाशा उतरवून घेऊ म्हणाल तर अडकाल. ॲपमध्ये भारताचे नकाशे राज्यवार आहेत, त्यातला महाराष्ट्र उतरवायचा. मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, पण आपल्याला एकच पुरतो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दिसायला पैसे भरावे लागतात. माथेरानसाठी ते भरावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. वरचं पठार सपाट वाटतं, पण पॉईंटांकडे जाणाऱ्या वाटा शेवटी झपकन उतरतात, आणि परत येताना तोच चढ दमछाक करतो. समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तिथे धावायचं नाही, चालायचं, हे आधीच ठरवता येतं.

आता मुख्य काम. चालण्याचं प्रोफाइल निवडायचं, मार्गाच्या पर्यायांत जाऊन रस्ते टाळण्याची सोय उघडायची आणि नकाशावर खणलेल्या रस्त्यावर बोट ठेवायचं. तिथे खूण उमटते आणि पुढचे सगळे मार्ग तो रस्ता सोडून निघतात. ओस्मअँड या कामासाठी निवडण्याचं खरं कारण हेच. मधले थांबे टाकून मार्ग वळवायची सोय इतरही बऱ्याच ॲपमध्ये असते, पण थांबा टाकला तरी ॲप त्या थांब्याआधी किंवा नंतर हमखास जवळच्या मोठ्या रस्त्यावर येतं, आणि तुम्ही पुन्हा खडीच्या ढिगासमोर उभे. रस्ताच बंद म्हणून सांगितला की ही झकझक राहत नाही.

इथे एक गोम आहे, ती समजून घेतली नाही तर ॲप चुकतंय असं वाटतं. ओस्मअँडचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या, स्वयंसेवकांनी भरलेल्या खुल्या नकाशावरून घेतलेला असतो. त्यात रस्ता म्हणजे एक रेघ, आणि ती रेघ काढणाऱ्याने जिथे तोडली असेल तिथपर्यंत ती एकच मानली जाते. तुम्ही बोट ठेवलं पन्नास मीटरच्या खोदाईवर, पण रेघ अर्ध्या किलोमीटरची असेल तर तो सगळा अर्धा किलोमीटर बंद होतो. मग ॲप लांबचा, कधी कधी अगदीच विचित्र वळसा सुचवतं. असं झालं तर ती खूण काढायची आणि हाताने मार्ग आखायचा. त्यासाठी मार्ग आखण्याचं वेगळं साधन ॲपमध्येच आहे: एकेक बिंदू टाकत गेलं की ॲप दोन बिंदूंमधली वाट स्वतः पकडतं, आणि जिथे वाट नकाशात नाही पण जमिनीवर आहे तिथे सरळ रेष ओढता येते. खोदाईच्या कडेने माणूस जाईल एवढी जागा सोडलेली असते, तो तुकडा असाच सरळ रेषेने जोडायचा. एकूण अंतर वर दिसत राहतं. झालं की ते जीपीएक्स, म्हणजे मार्ग साठवणारी फाइल म्हणून जतन करायचं. घड्याळ वापरणाऱ्यांना तीच फाइल घड्याळात घालता येते.

उलटही होतं. कुणी उत्साहाने अख्खा मुख्य रस्ता नकाशावर ‘बांधकाम सुरू’ असा नोंदवून ठेवला तर ॲप त्यावरून मार्ग काढतच नाही, प्रत्यक्षात मात्र तिथे काम संपून लोक आरामात चालत असतात. ऑफलाइन नकाशा साधारण महिन्याने नवा होतो, त्यामुळे आठवडाभराच्या खोदाईसाठी मूळ नकाशात फेरफार करू नये. तारीख घालून ओपनस्ट्रीटमॅपवर टीप टाकावी: अमुक ठिकाणी खोदाई, कडेने पायी जाता येतं किंवा येत नाही. पुढच्याला एवढं पुरतं.

नकाशाला जे कळत नाही ते म्हणजे काम कुठल्या टप्प्यात आहे, आणि धावणाऱ्यासाठी सगळा फरक त्यातच आहे. खोदाई चालू असेल तेव्हा उपसलेली लाल माती कडेला पडलेली असते. कोरड्यात ती भुसभुशीत असते, पाय रुततो पण इजा होत नाही. पाऊस पडला की तीच माती गाळ होऊन शेजारच्या पाऊलवाटेवर उतरते आणि साबणासारखी होते. खडी पसरली असेल तेव्हा तिथे धावूच नये. सुटी खडी पायाखाली फिरते आणि घोटा मुरगळायला एकच दगड पुरतो. रस्त्यावर फरसबंदीचे ब्लॉक बसवून झाले की सगळ्यांना वाटतं आता रस्ता मोकळा. पण सांध्यांमध्ये वाळू भरून ती नीट दबेपर्यंत कडेचे ब्लॉक डुगडुगतात. मधोमध पाय टाकला तर काही कळत नाही, कडेला टाकला की ब्लॉकचं एक टोक खाली जातं आणि दुसरं वर येतं. त्यात नव्या ब्लॉकची पातळी आणि शेजारच्या मातीची पातळी यांत दोन-तीन इंचांचा फरक राहतो. समोरून घोडा आला म्हणून बाजूला सरकताना अर्धं पाऊल ब्लॉकवर आणि अर्धं हवेत पडतं. असे नवे तुकडे ओळखणं सोपं आहे: ब्लॉकचा रंग अजून उजळ असतो आणि कडेला वाळूची रेघ दिसते. तिथे चालावं, आणि चालताना मध्य सोडू नये.

ओल्या ब्लॉकवर शेवाळ धरतं, वर घोड्याची लीद पडते, आणि गुळगुळीत तळाचे रस्त्यावरचे बूट तिथे घसरतात. याउलट जाड खाचांचे ट्रेलचे बूट लाल मातीवर छान धरतात, पण ओल्या ब्लॉकवर तेही फारसे कामाचे नाहीत. दोन्ही प्रकारची जमीन असलेला मार्ग असेल तर मातीसाठीचे बूट घालावेत आणि ब्लॉकवर वेग कमी करावा. मार्ग काढल्यावर ओस्मअँड पृष्ठभाग दाखवतं, किती टक्के फरसबंदी, किती माती. माथेरानमध्ये त्यावर फार विसंबू नका, कारण पाऊलवाटांची ही नोंद पुष्कळ ठिकाणी कुणी केलेलीच नाही.

एक गोष्ट मात्र वाटा ठरवायला मदत करते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दस्तुरी नाका ते छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर ब्लॉक बसवायला मुभा दिली, पण आतले रस्ते आणि ट्रेकच्या वाटा यांवर ब्लॉक बसवायचे नाहीत असंही सांगितलं. म्हणजे ब्लॉकचं काम कण्यावर, आणि पॉईंटांकडच्या वाटा लाल मातीच्याच. धावणाऱ्याला हवं ते हेच. 2003 पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि या वाटांवरची सावली आणि पायाखालची मऊ माती मुंबईच्या डांबरावर धावणाऱ्या गुडघ्यांना किती मोलाची आहे ते एकदा धावल्यावर कळतं.

त्यामुळे काम चालू असताना आमची पद्धत अशी ठरली. दस्तुरीला उतरल्यावर मुख्य रस्त्याने धावत बाजारात जायचा हट्ट सोडायचा. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरान स्टेशनपर्यंत मिनी ट्रेनची शटल आहे. पंधरा-वीस मिनिटांत ती खोदाईच्या पलीकडे नेऊन सोडते. शटलच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात आणि सुट्टीच्या दिवशी तिकिटाची रांग लांब असते, तेव्हा पहिली गाडी गाठणं उत्तम. पावसाळ्यात नेरळवरून वर येणारी गाडी बंद ठेवतात, शटल चालू असते. खूप जण अमन लॉजवरून रुळांच्या कडेने चालत येतात, आणि ॲपच्या नकाशावरही ती ओळ सरळ, मोहक दिसते. तिथे धावू नका. रुळांवरून चालणं कायद्याने गुन्हा आहे, स्लीपरांमधलं अंतर पावलाशी जुळत नाही, आणि वळणावर झाडीमुळे गाडी अगदी जवळ आल्यावर दिसते. नेरळ ते दस्तुरीचा घाटही सुट्टीच्या दिवशी धावण्यासाठी टाळावा. तीव्र वळणांवर टॅक्सीला कडेला धावणारा दिसत नाही.

स्टेशन किंवा बाजार धरून फेऱ्या आखल्या की खोदाईचा प्रश्न बराचसा सुटतो. सगळ्यात जास्त वापरण्यासारखा पट्टा शार्लोट लेकच्या बाजूचा. पिसारनाथाचं देऊळ, लॉर्ड्स, सेलिया, एको, किंग जॉर्ज आणि पुढे लुइझा हे सगळे पॉईंट त्या बाजूला एकमेकांशी पाऊलवाटांनी जोडलेले आहेत. इथे एकाच वाटेने जाऊन त्याच वाटेने न येता गोल फेरी जमते, आणि फाटे इतके आहेत की एक वाट घोड्यांनी भरली तर दुसरी मिळते. ॲपमध्ये पॉईंटांवर मधले थांबे टाकून शेवट पुन्हा बाजार द्यायचा. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला बाजाराजवळून जाईल अशी फेरी असेल तर पाण्याची सोय होते. आतल्या टपऱ्या आडवारी आणि पावसाळ्यात उघड्या असतीलच असं नाही. शार्लोट लेक हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, तिथे हातपाय धुवायला उतरू नये.

लांब पल्ला हवा असेल तर उत्तरेला पॅनोरमा पॉईंट. जाऊन-येऊन एकच वाट, पण शांत. त्याच्या अलीकडे पश्चिमेच्या कडेने पोर्क्युपाइन, मंकी, हार्ट अशा पॉईंटांच्या वाटा आहेत. अलेक्झांडर आणि रामबाग पूर्वेला, वन ट्री हिल दक्षिणेला. गार्बट पॉईंटकडची वाट दस्तुरीच्या बाजूने फुटते, त्यामुळे बाजाराकडचा रस्ता पूर्ण बंद असला तरी ती मिळते. मात्र ती अरुंद आणि उघडी आहे. ती चालायची वाट, पहिल्यांदा जाणाऱ्याने तर नक्कीच.

पॉईंटाचं टोक म्हणजे कडा. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. नकाशातली खूण अगदी टोकावर असते, म्हणून मार्गातला थांबा तिथे न टाकता पन्नास-साठ मीटर अलीकडे टाकावा आणि तिथून वळावं. दाट झाडीत जीपीएसची चूक दहा-पंधरा मीटर सहज होते, कड्यालगत सिग्नल दगडावर आपटून परततो तेव्हा त्याहूनही जास्त. पावसाळ्यातल्या धुक्यात स्क्रीनवरचा बाण बघत कड्याकडे जाणं जिवावर बेतू शकतं. धुकं उतरलं की ॲप खिशात घालायचं आणि पायाखालच्या मळलेल्या वाटेनेच परत फिरायचं.

या झाडीमुळेच अंतराची नोंद फुगते. नागमोडी वाटेवर प्रत्येक बिंदू थोडा इकडे-तिकडे पडतो आणि मधल्या खोट्या वळणांची बेरीज होते. नोंद करण्याच्या सेटिंगमध्ये दोन बिंदूंमधला वेळ दोन-तीन सेकंद ठेवा, आणि किमान हालचालीची अट काही मीटरांची लावा. उभं राहिल्यावर जमणारा बिंदूंचा गुंता त्याने थांबतो. तरीही वेगाचा हिशेब करताना आखलेल्या मार्गाचं अंतर धरावं, नोंदलेल्याचं नाही. काही फोन बॅटरी वाचवायला पार्श्वभूमीत चालणारी ॲप बंद करतात. मग नोंद अर्ध्यावर तुटते आणि नकाशावर दरीवरून एक लांब सरळ रेष दिसते. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या ॲपवरचं बंधन काढलं की हे थांबतं. फोन कमरेच्या पट्ट्यात ठेवा. हातात फोन किंवा खाऊ दिसला की माकडं झडप घालतात.

वेळ पहाटेची. घोडे आणि हातगाड्या हलायला लागण्याआधी, म्हणजे उजाडताच निघालं तर वळवलेल्या वर्दळीचा त्रास जवळजवळ होत नाही. त्यासाठी आदल्या रात्री वरच मुक्काम हवा. घोडा समोर आला तर धावणं थांबवून दरीची बाजू सोडून उभं राहायचं. धावत मागून आलेल्या माणसाला घोडा बुजतो, म्हणून मागून जाताना आधी घोडेवाल्याला हाक द्यावी. खोदाई कुठे सरकली आहे हेही घोडेवाल्यांनाच सगळ्यात आधी माहीत असतं. त्यांना विचारून मग ॲपमधल्या खुणा हलवायच्या, हा क्रम कधी चुकला नाही.

आणि काम पुढे सरकलं की जुन्या खुणा काढायला विसरू नका. ॲप त्या स्वतःहून काढत नाही. दोन महिन्यांपूर्वी बंद केलेला रस्ता आज चकचकीत मोकळा असतो आणि ॲप मात्र तुम्हाला झाडीतून फिरवून आणत राहतं. वर जायच्या आदल्या रात्री टाळलेल्या रस्त्यांची यादी उघडावी, सगळी पुसावी, आणि ताज्या चौकशीवरून नव्याने भरावी. पाच मिनिटांचं काम आहे.