कॅनच्या मशीनमधून बाटली काढून देणारा मिस्त्री

बडोद्यात पैसे टाकून कोल्ड ड्रिंकचा कॅन काढायचं जुनं मशीन ठेवलेल्या दुकानदारांकडे एक मिस्त्री जातो आणि "कॅनचं मशीन बाटलीचं करून देतो" म्हणतो. मराठी बोलतो, गोड बोलतो. त्याने माझे 45,000 रुपये घेतले, मशीनमधला चांगला बोर्ड आणि नोटा घेणारं युनिट उचलून नेलं, आणि वर माझ्याच मशीनच्या विक्रीचे पैसे परस्पर दुसऱ्याच खात्यात वळवत राहिला. पोलिसांत अर्ज दिला आहे, म्हणून नाव लिहीत नाही. तसंही त्याने सांगितलेलं नाव त्याचंच असेल असं मला वाटत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहिते, कारण ती तो पुढच्या दुकानात जशीच्या तशी वापरणार.

माझं रावपुऱ्यात वह्या-पेनं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर मुलांची अभ्यासिका. दुकान नऊला बंद होतं, मुलं मात्र रात्री उशिरापर्यंत बसतात, म्हणून जिन्याखाली हे मशीन ठेवलं. एका कंपनीचं कँटीन बंद झालं तिथून सेकंडहँड घेतलेलं, 230 व्होल्टवर चालणारं, थंडावा उत्तम. अडचण एकच होती. आत फक्त कॅन बसायचा, कॅन 40 रुपयांचा, आणि समोरच्या हातगाडीवर 20 रुपयांची बाटली. त्यात 2023 मध्ये कँपा पुन्हा बाजारात आला आणि 10 रुपयांची छोटी बाटलीही मिळायला लागली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा 40 रुपये कशाला घालवेल? शिवाय आमच्याकडे सोस्यो, म्हणजे सुरतचं जुनं कोल्ड ड्रिंक, मागणारेही बरेच. मशीनमधून बाटली निघाली पाहिजे असं मी चार जणांजवळ बोलले होते, ते फिरत फिरत त्याच्या कानावर गेलं.

गणपती मंडळातल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव सांगत तो आला. "वहिनी, आपण मराठी माणसं, तुमच्याकडून मी काय कमावणार? मकरपुऱ्याला जीआयडीसीत माझं वर्कशॉप आहे, सामानाचे पैसे द्या, मजुरी तुम्हाला वाटेल ती." त्या मंडळातल्या माणसाला मी नंतर विचारलं, तर तो म्हणाला, "माझ्या स्कूटरला एकदा धक्का मारून दिला होता त्याने, एवढीच ओळख." गुजरातेत राहणाऱ्या आपल्या लोकांना मराठी ऐकलं की बरं वाटतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मंडळाचं नाव सांगणाऱ्याबद्दल आधी मंडळात फोन करा.

त्याचं कामाचं ज्ञान मात्र खोटं नव्हतं. फसवणूक त्या खऱ्या ज्ञानाच्या आधारानेच झाली, म्हणून मशीन आतून कसं असतं ते थोडं सांगते. अशा मशीनमध्ये उभे कप्पे असतात. त्यांत कॅन आडवे, एकावर एक रचलेले असतात, आणि पुष्कळ मशीनमध्ये कप्प्याच्या खोलीत एकामागे एक असे दोन कॅन बसतात. कप्प्याच्या तळाशी मोटर आणि तिच्यावर फिरणारी खोबण. बटण दाबलं की खोबण थोडी फिरते, पुढचा कॅन सोडते, मग थांबते. पुढच्या गिऱ्हाइकाला आणखी थोडी फिरते, मागचा कॅन सोडते. किती फिरून थांबायचं हे मोटरवरचा कॅम (खाचा असलेली चकती) आणि त्याला टेकलेला छोटा स्विच ठरवतात.

त्याने माझ्या काउंटरवर दोन कॅन टोकाला टोक लावून आडवे ठेवले आणि शेजारी 500 मिलीची बाटली. लांबी जवळपास सारखी. हे खरंच आहे. 330 मिलीचा नेहमीचा कॅन साधारण 115 मिलिमीटर उंच आणि 66 मिलिमीटर जाड असतो, म्हणजे दोन कॅन मिळून 23 सेंटिमीटर, आणि अर्ध्या लिटरची बाटलीही त्याच मापाच्या आसपास. "बघा वहिनी, दोन कॅनच्या जागी एक बाटली. मशीन त्यासाठीच केलेलं आहे, कोणी सांगत नाही एवढंच." कॅनचं मशीन बाटलीवर नेता येतं, जगभर नेतात. त्यासाठी खोबणीचे पुढचे-मागचे भाग एका रेषेत आणावे लागतात, कॅम बदलावा लागतो, कप्प्याच्या भिंतीला पट्ट्या लावून रुंदी बाटलीच्या जाडीला जुळवावी लागते, मागे आडपट्टी लागते, आणि बाटली खाली पडते तिथली झडपही बघावी लागते. हे सगळं प्रत्येक कप्प्यात. त्याने ते एका कप्प्यात केलं.

सुरुवातीला त्याने 30,000 रुपये घेतले, "किट मागवायचं आहे" म्हणून. मग दुकानात येऊन मशीन उघडलं आणि बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, काढला. "प्रोग्रॅम बदलावा लागेल, इथे होत नाही, वर्कशॉपवर लॅपटॉप आहे." नोटा घेणारं युनिटही काढलं, कारण "ते बोर्डाशी जुळवून बघावं लागतं". जाताना गुजरातीत म्हणाला, "थई जशे", म्हणजे होऊन जाईल. इथे एक सांगते. अशा मशीनच्या बोर्डात कोणत्या कप्प्याला किती खोली, कोणतं बटण कोणत्या कप्प्याचं, कशाची किंमत किती, या गोष्टी बहुतेक वेळा दरवाजाच्या आतल्या बटणांवरूनच भरता येतात. मशीनबरोबर आलेलं पुस्तक असेल तर त्यात पानंच्या पानं त्यावर असतात. बोर्ड बाहेर नेण्याची गरज फार क्वचित पडते. कोणी नेतोच म्हणाला, तर सीरियल क्रमांकाचा फोटो काढा, त्याची सही घ्या, आणि बोर्डावर कोपऱ्यात आपली एक बारीक खूण करा.

मग आलं प्रात्यक्षिक, आणि ते त्याने फार हुशारीने बेतलेलं होतं. सोबत 500 मिलीच्या सोड्याच्या भरलेल्या, थंडगार बाटल्या आणल्या होत्या. मधला एक कप्पा भरला आणि बटण दाबलं. धप्. बाटली खाली. पुन्हा दाबलं, पुन्हा धप्. अभ्यासिकेतली मुलं जिन्यात गोळा झाली, टाळ्या वाजवल्या. मी उरलेले 15,000 दिले. "बाकीच्या कप्प्यांचं सेटिंग सारखंच आहे, फक्त माल भरायचा," असं म्हणून तो गेला.

सोड्याची थंड, गच्च भरलेली बाटली दगडासारखी कडक असते, ती सरळ लोळते. मी विकणार होते 20 रुपयांची 250 मिलीची बाटली, जी बारीकही असते आणि आखूडही. पाण्याची बाटली तर आणखी वेगळी, तिच्यात गॅस नसतो, प्लॅस्टिक पातळ, वरच्या बाटल्यांच्या भाराने दबते. बाटलीचा गळा निमुळता असल्यामुळे रुंद कप्प्यात ती तिरकी होते आणि अडकून बसते. मी माल भरला त्याच संध्याकाळपासून तक्रारी सुरू झाल्या. एका कप्प्यात बाटली तिरकी अडकली. दुसऱ्यात पहिल्यांदा पैसे भरले की मोटर फिरे आणि काहीच पडत नसे, दुसऱ्यांदा भरले की बाटली पडे. तो कप्पा अजून दोन कॅनच्या हिशेबानेच चालला होता: अर्धी फेरी पुढच्या कॅनची, अर्धी मागच्या कॅनची. म्हणजे एका बाटलीला दोन मुलांचे पैसे. तिसरा कप्पा भरलेला असूनही "संपलं" दाखवे, कारण माल आहे की नाही हे सांगणारी पट्टी कॅनच्या दाबावर बेतलेली, मऊ बाटलीने ती दबतच नव्हती.

त्याला फोन केले. सुरुवातीला उचलायचा. "वहिनी, बाटली नवीन आहे, बसायला वेळ लागतो." बाटलीला बसायला वेळ लागतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आता सगळ्यात वाईट भाग. नोटांचं युनिट परत आलंच नाही. त्याच्या जागी त्याने क्यूआर दाखवणारं एक छोटं यंत्र बसवलं होतं. "आता नोटा कोण वापरतं? सगळे यूपीआयच करतात. मी हे तुम्हाला फुकट देतो." मुलांनाही ते सोयीचं वाटलं. मी खातं विचारलं तेव्हा म्हणाला, केवायसी व्हायला वेळ आहे, तोवर पैसे त्याच्या मर्चंट खात्यात जातील आणि दर आठवड्याला तो मला पाठवेल. पहिल्या आठवड्याचे पाठवलेही, पैशाला पैसा जुळवून, वर मेसेज: "हिशेब चोख वहिनी." त्यानंतर काही नाही. मशीन अडकत का होईना चालत होतं, मी माल भरत होते, वीज माझी, आणि पैसे त्याला. एका मुलाने पैसे भरल्यावर आलेली पावती मला दाखवली, तिच्यावर दुकानाचं नाव माझं आणि खाली घेणाऱ्याचं नाव तिसऱ्याच माणसाचं. त्या रात्रीच मी यंत्राची वायर काढली.

ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांनी एक गोष्ट स्वतः करून बघावी. आपल्याच मशीनवर आपल्याच फोनने पैसे भरा आणि पैसे घेणाऱ्याचं नाव वाचा. ते तुमच्या बँक खात्यावरचं नाव नसेल तर विक्री थांबवा, मग मिस्त्रीला विचारा. केवायसी आधी, विक्री नंतर. उलट क्रमाने करा म्हणणारा मदत करत नसतो.

माझ्या बहिणीचा मुलगा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने मशीन उघडलं आणि पहिलंच वाक्य: "मावशी, हा बोर्ड तुझा नाही." लेबल खरवडलेलं, दोन ठिकाणी पुन्हा डाग दिलेला, आणि मशीन घेताना मी काढलेल्या फोटोतल्या बोर्डाशी कनेक्टरही जुळत नव्हते. चांगला बोर्ड आणि नोटांचं युनिट जुन्या बाजारात वेगळं विकलं की त्याला माझ्या 45,000 वर आणखी कमाई. कप्प्यांत पट्ट्या कुठेच नव्हत्या, त्या एका कप्प्यात फक्त, आणि त्याही पत्र्याच्या नाहीत, पीव्हीसी पाइप फाडून केलेल्या. "किट" म्हणून मी जे विकत घेतलं ते हे.

बिल तर आणखी मजेशीर. पत्ता मकरपुरा जीआयडीसीचा, आणि जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होणारा. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. गुजरातचा अंक 24 आहे, 07 दिल्लीचा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही क्रमांक टाकून नाव बघता येतं. मी बघितलं, दिल्लीचा एक कपड्यांचा व्यापारी निघाला, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसेल. आणि त्या बिलावर "लेबर काम" एवढंच लिहिलेलं, किटचा उल्लेख नाही, बोर्ड नेल्याचा नाही. आगाऊ पैसे देण्याआधी दोन मिनिटांत हे तपासून होतं.

किमतीवरूनही त्याने एक सल्ला दिला होता, 20 ची बाटली मशीनमध्ये 25 ला लावा, "थंड करण्याचे पाच". छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणं कायद्याने चालत नाही, काउंटरवर नाही आणि मशीनमधूनही नाही. ते मी ऐकलं नाही, नाहीतर उलट मलाच दंड भरावा लागला असता आणि त्याला हसायला आणखी एक निमित्त.

तक्रारीचं सांगते, कारण त्यात वेळ जातो आणि लोक कंटाळून सोडून देतात. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, "काम नीट केलं नाही, हा दिवाणी मामला आहे." तिथे माझ्या ओळखीच्या वकीलबाईंनी अर्ज बदलून दिला. काम वाईट झालं हे मागे ठेवलं आणि बोर्ड व युनिट नेऊन परत दिलं नाही, खोट्या जीएसटी क्रमांकाचं बिल दिलं, विक्रीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात वळवले, हे पुढे आणलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटण्याला कलम 316 आहे आणि फसवणुकीला 318. या भाषेत लिहिल्यावर अर्ज घेतला गेला. यूपीआयचे पैसे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, कळवले, ज्या मुलांकडे पावत्या होत्या त्यांच्या स्क्रीनशॉटसकट. हा फोन पैसे जातात त्याच दिवशी करायचा असतो, कारण उशीर झाला की खात्यात काही उरत नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद केली. ग्राहक आयोगाकडे जायचं तर "हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक कसल्या" असा मुद्दा निघू शकतो. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारात वापरायला घेतलेल्या वस्तूला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी वापर धरत नाहीत. म्हणून बिलावर वस्तूचं नाव हवं, नुसतं "लेबर काम" असलं की तिथे अडतं.

पैसे परत आलेले नाहीत. भाच्याने जुन्या बाजारातून त्याच जातीचा बोर्ड शोधून आणला, गोरव्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने दोन कप्प्यांना पत्र्याच्या पट्ट्या बसवून दिल्या, माझ्याच 250 मिलीच्या बाटल्या घेऊन, कप्पा अर्धा भरून, पूर्ण भरून आणि शेवटची एक बाटली उरेपर्यंत चालवून दाखवलं, तेव्हा मी पैसे दिले. कप्पा रिकामा होत आला की वरचा भार कमी होतो आणि शेवटच्या बाटल्या वेगळ्या वागतात, हे त्याने स्वतःहून सांगितलं. उरलेल्या कप्प्यांत अजून कॅनच आहेत. क्यूआर आता माझ्या नावावर आहे.

माझ्या नोटांच्या युनिटच्या मागच्या बाजूला, वायर निघते तिथे, निळी इन्सुलेशन टेप दोन वेढे गुंडाळलेली आहे आणि पुढच्या तोंडाचा उजवा कोपरा किंचित तुटलेला आहे. बडोदा, आणंद, भरूचकडे कोणाला असं युनिट स्वस्तात कोणी देऊ करत असेल, तर त्याला बोलण्यात गुंतवून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.