आरोग्य संजीवनीवर बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया: मंजुरी मिळते, पण कागद बोलायला हवेत

आरोग्य संजीवनी ही विमा नियामकाने मजकुरासकट ठरवून दिलेली पॉलिसी. १ एप्रिल २०२० पासून ती बाजारात आहे आणि कुठल्याही कंपनीकडून घेतली तरी अटी त्याच असतात. हप्ता आणि सेवा तेवढी बदलते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी विमा कितपत कामाला येतो हे पाहायला ती सोयीची, कारण लठ्ठपणाचं कलम, म्हणजे एक्सक्ल ०६, बाकीच्या बहुतेक वैयक्तिक पॉलिसींमध्येही याच शब्दांत छापलेलं असतं. स्लीव्ह (जठर कापून लहान करणं) किंवा बायपास (जठर लहान करून अन्नाची वाट वळवणं) यांसाठी या पॉलिसीला पाचपैकी तीन गुण द्यावेत. पैसे मिळतात, पण पात्रतेची रेघ जुनी आहे आणि खोलीभाड्याची अट पेशंटला चांगलीच महागात पडते.

'लठ्ठपणा पॉलिसीत बसत नाही' असं सांगून बरेच एजंट मोकळे होतात. ते अर्धसत्य आहे. कलम शस्त्रक्रिया सरसकट वगळत नाही; अटी पूर्ण नसतील तरच वगळतं. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने हवी, वैद्यकीय प्रोटोकॉलला धरून हवी, वय १८ पूर्ण हवं आणि बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० च्या मधे असेल तर चारांपैकी एक आजार सोबत लागतो: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. शिवाय या ३५ ते ४० च्या पट्ट्यात शस्त्रक्रियेपेक्षा सौम्य उपाय करून ते फसले, हेही दिसावं लागतं. रक्तदाब, गुडघेदुखी, पीसीओएस, फॅटी लिव्हर यांतलं काहीही या यादीत नाही. सर्जनच्या पत्रात त्यांचा पानभर उल्लेख असला तरी फाइलला त्याचा उपयोग शून्य.

ही रेघ १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषांवरून आली आहे. आशियाई लोकांना कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. म्हणूनच बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई पेशंटसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ बीएमआयपासून करावा असं सुचवलं. त्यामुळे ३३ बीएमआय आणि बेलगाम साखर असलेल्या पेशंटला सर्जन योग्य कारणानेच 'करून घ्या' म्हणतो आणि कंपनी तितक्याच नियमात राहून 'नाही' म्हणते. अशा केसमध्ये भांडण्यात अर्थ नाही. खर्च स्वतःच करायचा हे धरून चालावं.

रेघेच्या जवळ असलेल्यांनी मात्र उंचीकडे नीट बघावं. वजन सगळे काळजीने करतात. उंची पेशंटने तोंडी सांगितलेली लिहिली जाते. वजन १०२ किलो आणि सांगितलेली उंची ५ फूट ३ इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर, असेल तर बीएमआय येतो ३९.८. तीच व्यक्ती अनवाणी, टाचा भिंतीला लावून मोजली आणि १५९ भरली तर ४०.३. एका सेंटिमीटरवर फाइल इकडची तिकडे होते. दुसरी अडचण अशी की ओपीडीच्या कागदावर एक उंची, आहारतज्ज्ञाच्या कार्डावर दुसरी आणि भूलतज्ज्ञाच्या तपासणीत तिसरी असते. टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचे, डॉक्टर हे तीन कागद शेजारी ठेवूनच बघतात. उंची एकदाच नीट मोजून घ्यावी आणि तोच आकडा सगळीकडे जातो आहे याची खातरजमा करावी.

याहून मोठा फटका बसतो शस्त्रक्रियेआधीच्या आहारामुळे. यकृत आकसावं आणि दुर्बिणीतून काम करायला जागा मिळावी म्हणून साधारण दोन आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार देतात. त्यात १०४ किलोचा माणूस सहज १०१ वर येतो. १६० सेंटिमीटर उंचीला बीएमआय ४०.६ वरून ३९.५ होतो. अॅडमिशनच्या दिवसाचं वजन फॉर्मवर गेलं तर कंपनीच्या दृष्टीने तो अपात्र. म्हणून आहार सुरू होण्याआधीचं वजन तारखेसह, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह नोंदलेलं असावं. आहार कधी सुरू झाला आणि त्याने किती किलो उतरले, हे सर्जनने पत्रात स्पष्ट लिहावं.

३५ ते ४० च्या पट्ट्यात फाइल अडते ती शब्दांवर. कलमात 'तीव्र' स्लीप अॅप्निया आहे. झोपेच्या तपासणीत तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडखळत असेल तर तो तीव्र. अहवालात २४ असेल तर तो मध्यम, आणि मध्यम म्हणजे नापास. घोरण्याबद्दलचं पत्नीचं निवेदन कितीही खरं असलं तरी इथे चालत नाही. मधुमेहाचं त्रांगडं आणखी वेगळं. साखर औषधांनी आटोक्यात असेल तर 'आटोक्यात नसलेला' ही अट मोडते. त्यामुळे ताजा एक एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल) पुरत नाही. मागच्या वर्षभरातले अहवाल, प्रत्येक वेळी चालू असलेली औषधं आणि तरीही वर राहिलेला आकडा, असा क्रम लावून द्यावा.

सौम्य उपाय फसल्याचा पुरावा म्हणून 'अनेकदा डाएट केलं' हे वाक्य निरुपयोगी आहे. आहारतज्ज्ञाच्या तारीखवार नोंदी, त्यातलं वजन, दिलेली औषधं किंवा इंजेक्शनं, त्यांची प्रिस्क्रिप्शनं आणि बिलं लागतात. कलमात किती महिने ते लिहिलेलं नाही; पण एकाच आठवड्यात तयार केलेली सहा कार्डं, एकाच पेनाने लिहिलेली, तपासणारा लगेच ओळखतो.

आता प्रतीक्षा काळ. पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्मवर उंची आणि वजन विचारतात. तेव्हाच वजन जास्त असेल तर कंपनी लठ्ठपणा हाच आधीपासूनचा आजार धरते आणि नव्या नियमांप्रमाणे त्याला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आलात तर तिथे काढलेले महिने मोजले जातात, पण जुन्या विमा रकमेपुरतेच. फॉर्मवर वजन कमी लिहायचा किंवा आजार लपवायचा सल्ला एजंट देतो, तो ऐकू नये. प्री-ऑथ फॉर्ममध्ये, म्हणजे उपचाराआधी कंपनीकडे मंजुरी मागायच्या फॉर्ममध्ये, हॉस्पिटलचा ज्युनिअर डॉक्टर 'मधुमेह ६ वर्षांपासून' असं लिहितो, कंपनी प्रपोजल काढून बघते आणि मग क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचं कारण कंपनीला देता येत नाही. त्याआधी देता येतं.

ठरवून केलेल्या अॅडमिशनसाठी प्री-ऑथ किमान ४८ तास आधी जायला हवं. व्यवहारात आठवडाभर आधी पाठवावं. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आहे, आणि उत्तर तासात येतंही. फक्त ते बहुतेकदा क्वेरीचं असतं. 'लठ्ठपणाचा कालावधी सांगा', 'बीएमआयचा दाखला द्या', 'पहिलं प्रिस्क्रिप्शन द्या' या तीन ठरलेल्या क्वेरी. त्यांची उत्तरं पहिल्याच संचात जोडली तर दोन दिवस वाचतात. सर्जनच्या पत्रात निदान म्हणून 'वजन कमी करण्यासाठी' असं मोघम लिहिलेलं नको. तीव्र लठ्ठपणा, बीएमआयचा आकडा, सोबतचा आजार आणि शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव हवं. पहिल्या मंजुरीपत्रात दीड लाख दिसले म्हणून घाबरू नये, तो सुरुवातीचा हप्ता असतो. अंतिम आकडा डिस्चार्जच्या बिलावर ठरतो आणि त्यासाठी कंपनीला तीन तास आहेत.

पैशांच्या बाबतीत ही पॉलिसी हात आखडता घेते. खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० रुपयांच्या वर नाही. म्हणजे पाच लाखांची पॉलिसी असली तरी ५,०००च. पेशंटने ८,०००ची खोली घेतली तर फक्त तीन हजारांचा फरक भरायचा, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट हे सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे ६२.५ टक्क्यांवर येतं. उदाहरणादाखल ३,७५,००० चं बिल घेऊ: तीन दिवसांची खोली २४,०००, सर्जन ते थिएटर १,८०,०००, स्टेपलर (जठर कापून टाके घालायचं साधन) आणि औषधं १,५०,०००, हार्मोनिक (ऊती कापून रक्तवाहिन्या बंद करणारं उपकरण) १५,००० आणि किरकोळ ६,०००. खोलीचे १५,००० आणि सर्जन-थिएटरचे १,१२,५०० मान्य होतात. स्टेपलरच्या काडतुसांना आणि औषधांना ही प्रमाणशीर कपात लागू नाही, ते पूर्ण मिळतात. हार्मोनिकचे वेगळे पैसे कापले जातात, कारण ते उपकरण शस्त्रक्रियेच्या शुल्कातच धरायचं असा नियम आहे. हातमोजे, पोटाचा पट्टा, फुंकायचा स्पायरोमीटर, वैद्यकीय रेकॉर्डचं शुल्क हे 'न मिळणाऱ्या' यादीत. उरलेल्या २,७७,५०० वर ५ टक्के को-पे, म्हणजे पेशंटने भरायचा वाटा. हातात २,६३,६२५, पदरचे १,११,३७५. हाच पेशंट ५,००० च्या खोलीत राहिला असता, बाकी दर तेच धरले तरी, पदरचे ३८,२५० गेले असते. बिल बनण्याआधी हॉस्पिटलच्या विमा डेस्कला हार्मोनिक वेगळं लावू नका असं सांगितलं तर आणखी थोडं वाचतं. बरीच हॉस्पिटलं ऐकतात.

रोबोटिक शस्त्रक्रियेचा आग्रह असेल तर सावध. आधुनिक उपचारांच्या यादीत ती आहे आणि त्यांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे. स्लीव्हसाठी साधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया पुरते आणि तिला ही मर्यादा लागत नाही.

तपासण्यांच्या तारखाही जुळवून घ्याव्यात. अॅडमिशनआधीच्या ३० दिवसांतला खर्च मिळतो. झोपेची तपासणी, एंडोस्कोपी, सोनोग्राफी ही मंडळी अडीच महिने आधी उरकली तर ते पैसे गेले. फक्त तपासण्यांसाठी रात्रभर भरती झाल्यास ती भरती वेगळ्या कलमाखाली नाकारली जाते. डिस्चार्जनंतरचे ६० दिवस मिळतात. त्यात डॉक्टरांनी याच उपचाराचा भाग म्हणून लिहून दिलेली बी१२, कॅल्शियम वगैरे बिलासह मागता येतात. प्रोटीन पावडरचे डबे मिळण्याची आशा ठेवू नये. वजन उतरल्यावर लोंबणारी त्वचा काढणं सौंदर्यशस्त्रक्रियेत मोडतं, त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत.

नकार आलाच तर फोनवरचं 'पॉलिसीत बसत नाही' मान्य करू नये. कंपनीने कलमाचा संदर्भ देऊन लेखी कळवायचं असतं, आणि क्लेम नाकारण्याआधी तो कंपनीच्या आढावा समितीपुढे गेलेला असावा लागतो. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम संपला असंही नाही. शस्त्रक्रिया करून, मूळ कागदांसह डिस्चार्जपासून ३० दिवसांत परतावा मागता येतो. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहावं, बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करावी. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. तिथे जाताना बीएमआयची तारीखवार नोंद, नकाराचं पत्र आणि कलमाची छापील प्रत, एवढं वरच्या बाजूला लावावं. बाकीची जाड फाइल खाली राहू द्यावी.