नवीन आणलेल्या गाईंना यीस्ट पावडर, सात महिन्यांनंतर

आठ दिवसात लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, नोव्हेंबरपासून वापरतोय म्हणून आता जरा खरं लिहितो.

आमचा गोठा मोहोळ तालुक्यात. रविवारी सांगोल्याच्या बाजारातनं गाभण एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाच्या संकरित) गाई आणायच्या, सांभाळायच्या, व्याल्या की विकायच्या. टेम्पोतनं उतरलेलं जनावर आधीच दमलेलं, आधी कुठल्या वैरणीवर होतं ते व्यापारी कधी धड सांगत नाही, आणि आपण कौतुकानं पहिल्याच संध्याकाळी पाटीभर सरकी पेंड न मका भरडा पुढं ठेवतो. तिसऱ्या दिवशी शेण पातळ, आंबूस वास, रवंथ बंद. मागच्या साली एक गाय अशीच गेली, चूक माझीच होती.

डॉक्टर म्हणाले पोटातले चारा पचवणारे जंतू नवीन खुराकाला सरावायला दोन तीन आठवडे घेतात, तेवढे दिवस जिवंत यीस्ट द्या. मी रोज 15 ग्रॅम भरड्यात कालवून देतो, एका जनावरामागं दिवसाला आठ नऊ रुपये पडतात. पहिल्या खेपेला फरक एवढा वाटला की मी गावभर सांगत सुटलो. पण तेव्हाच पेंड पण अर्ध्या किलोपासून हळूहळू वाढवत नेलेली, पहिले चार दिवस नुसता कडबा आणि गूळ-मिठाचं पाणी, मग गुण कुणाचा?

म्हणून मार्चमध्ये चार गाई आल्या तेव्हा दोघींना दिली, दोघींना नाही, बाकी सगळं सारखं. चौघी चांगल्या राहिल्या. पावडरवाल्या सहाव्या दिवशी पोटभर खायला लागल्या, दुसऱ्या दोघी नवव्या दिवशी, एवढाच फरक. चार जनावरांवरनं काय ठरवणार म्हणा, पण तीन दिवस आधी खायला लागली तरी मला परवडतं. वीस दिवसानंतर मात्र मी बंद करतो, रुळलेल्या गाईला देऊन दुधात काही दिसलं नाही.

आता तक्रार. मे महिन्यात पाकीट पत्र्याच्या शेडात राहिलं, सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. त्या खेपेला काडीचा उपयोग नाही. यीस्ट म्हणजे जिवंत वस्तू, तापली की मेली. कोमट पाण्यात गूळ घालून चमचाभर टाकून बघितली, अर्धा तास झाला तरी फेस नाही. नवीन पाकिटाची टाकली तर वर फेसाचा थर. दुकानात सुद्धा उन्हातल्या रॅकवरची घेऊ नका.

आणि हे सगळ्या रोगावरचं औषध नाही. आमच्याकडं ऊस तुटला की वाढ्यावरच (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) जनावरं असतात, वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, ते जनावराला नीट मिळत नाही, त्याला मिनरल मिक्श्चर वेगळंच लागतं, मी 50 ग्रॅम देतो. एका दुकानदारानं यीस्ट संपली म्हणून मोनेन्सिनचं प्रीमिक्स (खुराकात मिसळायचं औषध) दाखवलं, हेच भारी म्हणे. डॉक्टरांना फोन लावला तर पहिला प्रश्न, शेजारी घोडं आहे का? शेजारच्या दादांची घोडी आमच्याच गव्हाणीत तोंड घालते, आणि ते औषध घोड्याला थोडं गेलं तरी जीवावर बेततं. परत दिलं.

सध्याचं अर्धं पाकीट घरातल्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी आहे, त्यावरनं आईचं रोज एकदा ऐकून घेतो.